आमची नावं

मुलींचं वसतिगृह, औरंगाबाद
२१ जानेवारी १९७३

ति. मामा,
सविनय जय भीम.

निंबवाडीहून येऊन पंधरा दिवस झाले. लगेच लिहिलं असतं तर रागाच्या भरात काहीबाही लिहून बसले असते, म्हणून थांबले. राग अजून आहेच, पण आता निदान शुद्धलेखन नीट येतंय.

सुट्टीत मी विहार झाडायला येत होते. तीन रविवार पाहिलं. वाडीतलं कोणीतरी एकटंच यायचं, तुम्ही म्हणायचा, "तारा, जरा बाहेर हो," आणि दार लोटून घ्यायचा. दहा मिनिटांनी ते माणूस डोळे पुसत बाहेर पडायचं. मला वाटलं, घरगुती भांडणं असतील. तुम्ही वाडीचे न्यायाधीश, त्यात नवल काय!

मग मी मथुरामावशीला दुष्काळी कामावर भाकरी द्यायला गेले. खडी फोडून तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी सहज विचारलं की तू काल विहारात का रडत होतीस. ती म्हणाली, "माज्या पोराच्या, बाबूच्या दाखल्यावर म्या जुनीच जात लिवली व्हती. बौद्ध लिवलं असतं तर पोस्टात घेतलं नसतं त्याला. तुज्या मामानं नावं ठिवल्याती आमाला." एवढं बोलून पदर डोळ्याला लावला आणि पुन्हा हातोडा उचलला.

मामा, मला सगळं समजलं. केंद्र सरकारच्या नोकरीत बौद्धांना सवलत नाही, हे मलाही माहीत आहे. म्हणून कागदावर 'हिंदू महार' लिहून नोकरी धरणारे आपल्यात आहेत, हेही माहीत आहे. पण तुम्ही त्यांची गुपचूप यादी करावी, एकेकाला दाराआड बोलावून नावं ठेवावीत आणि एका विधवा बाईला रडवावं? निजामाच्या काळात पोलिस पाटील अशी वही ठेवायचा म्हणून तुम्हीच सांगत होता. चुकलेल्यांना उघड सांगा. चौदा एप्रिलला आमच्या विद्यार्थी मंडळाची सभा आहे, तिथे ती यादी वाचू, ज्याला उत्तर द्यायचं तो देईल. नाहीतर वही फाडून टाका. मधलं काही मला पटत नाही.

आई-बाप गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, म्हणून एवढं स्पष्ट लिहायची हिंमत करते.

तुमची,
तारामती


निंबवाडी, पो. ढोकी
२ फेब्रुवारी १९७३

चि. तारामतीस हरिबामामाचा जय भीम.

पत्र पोचलं. पोस्टमन म्हणाला, वाचून दाखवू का? म्हणलं, नको, माझं मला येतं. मग वाचायला दोन घंटे लागले, त्यातला एक घंटा तुझ्या जोडाक्षरांनी खाल्ला.

इकडं पाण्याचे हाल आहेत. आपल्या वस्तीचा आड नाताळातच आटला. आता गावच्या आडावर जावं लागतं. बाया घागरी घेऊन खाली ओळीनं बसतात, गावातलं कोणी वरून पाणी ओततं. कधी लगेच ओतलं, कधी दुपार करतात. उसाच्या गाड्या यंदा रस्त्यावर फार दिसत नाहीत. माझं काम तेवढं चालू आहे. रूळ काय पावसावर पिकत नाहीत. रोज चार मैल चालतो, रुळाच्या सैल झालेल्या चाव्या ठोकतो, परत येतो.

बाबू सोलापूरला बरा आहे. त्याच्या पगारावर घरची सात माणसं आहेत. मथुराबाईची दोन लेकरं, सासू, आणि दिराची माणसं. खडीवरचं काम बंद पडलं तर तो एकटाच आधार.

तू म्हणतेस ती वही माझ्याकडं नाही. खोटं सांगत नाही. विहारातली पेटी उघडून बघ कधी पण. हजारो वर्षं पोथीपुराणानं आपल्याला लिहून ठेवलं, ते पुरे झालं. मी कशाला लिहू?

आता एक विचारतो. ही गोष्ट तू कोणापाशी बोललीस का? बोलली नसशील तर बोलू नको. बोलली असशील तर आहेस तिथंच थांब. रागावून नाही सांगत.

भाकरी खात जा. मागल्या वेळी फार वाळलेली दिसलीस.

तुझा मामा,
हरिबा


औरंगाबाद
१२ फेब्रुवारी १९७३

ति. मामा,
सविनय जय भीम.

तुमच्या पत्रातलं पाणी, ऊस, रूळ सगळं वाचलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. वही नाही म्हणता, मग मथुरामावशीची नावं कशात ठेवलीत, डबीत? तुम्हाला खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक आहे, पण खरं लपवता येतं हे मात्र नव्यानं कळलं.

बोलू नको म्हणालात, पण उशीर झाला. मी मंडळात बोलले. निनावीच बोलले, पण बोलले. आमचे चिटणीस फार तडफदार आहेत. ते उभे राहिले आणि म्हणाले, कागदावर एक आणि घरात एक, अशा दुटप्पी माणसांनी धम्माची किंमत कमी केली. सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं. मीही वाजवल्या. मग त्यांनी पत्रक छापलं. त्यात लिहिलंय की ढोकीजवळच्या एका वाडीत विहाराच्या वहीतच अशा लोकांची नोंद आहे, त्यातला एक तर पोस्टात बसून सवलत खातो आहे, आणि ती वही समाजापुढे आली पाहिजे. पत्रक पाचशे छापलं. एक सोबत पाठवते.

मामा, मला समजून घ्या. साठ साली तुम्ही मला शाळेत नेलंत तेव्हा गुरुजींनी विचारलं, जात काय लिहू? तुम्ही छाती पुढे काढून म्हणालात, "बौद्ध लिवा, गुर्जी. ठळक लिवा." तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर तेच आहे आणि मी कुठेही मान खाली घातलेली नाही. मला जमलं ते इतरांना का जमू नये? एवढा एकच शब्द तर लिहायचा असतो!

तुमची,
तारा


निंबवाडी
१८ मार्च १९७३

तारा,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. आपल्या वस्तीतली सुमनबाई डोळे दाखवायला औरंगाबादच्या दवाखान्यात येते आहे, तिच्या हाती देतो. वाचून झालं की विस्तवात घाल. सुमनबाईसमोरच घाल, मी तिला तसं सांगितलंय.

परवा पोस्टखात्याचे एक साहेब आले होते. उस्मानाबादहून जीपनं. त्यांच्या फायलीत तुमचं पत्रक होतं. कोणीतरी पत्रकावर बाबूचं नाव शाईनं लिहून खात्याला पाठवलं होतं. कोणी ते मला माहीत नाही, आणि मला शोधायचंही नाही. बाबू बौद्ध आहे असं ठरलं तर त्याचा दाखला खोटा ठरतो आणि नोकरी जाते. मथुराबाई साहेबाच्या पाठीमागं उभी होती. तिच्या बोटांच्या चिंध्यांकडं बघवेना.

साहेब भला माणूस वाटला. विहारात शिरताना बूट बाहेर काढले. मी पेटी उघडून दिली. चटया, वंदनेचं पुस्तक, पोरांच्या पाट्या, कंदील. वही कुठं आहे म्हणाले. मी म्हणलं, नाही. चटया उलगडून बघितल्या. मग त्यांनी फाईल मिटली आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "हरिबा, हा बाबू बौद्ध आहे का? तुम्ही सांगाल ते मी लिहीन."

तारा, रोज सकाळी मी चौथं शील म्हणतो, खोटं बोलणार नाही म्हणून. नाही म्हणावं तर शील मोडतं, व्हय म्हणावं तर सात माणसांची चूल विझते. मी उलगडलेल्या चटया पुन्हा गुंडाळून ठेवल्या. मग म्हणलं, "साहेब, हे मला इचारू नका. मी त्याच्या घरचाच म्हणायचा. गावाला इचारा, त्यो कोण हाय ते. गाव खोटं बोलणार न्हाय."

साहेब गेले गावच्या आडावर. मी मागं मागं. आपल्या बाया घागरी घेऊन खाली बसलेल्या. वर गावातल्या एक बाई पाणी ओतत होत्या. साहेबानं विचारलं, "बाई, मथुराबाईचा बाबू कोण?" त्या बाईनं पोहरा थांबवला पण नाही. म्हणाली, "त्यो व्हय? म्हारवाड्यातला." साहेब म्हणाले, "पण ते तर बौद्ध झाले म्हणतात." ती हसली. "झाले असतील. आडाला काय ठावं?"

साहेब तिथंच उभे राहिले. ओळीनं बसलेल्या बायांकडं बघितलं, वरून पडणाऱ्या पाण्याकडं बघितलं. मग फाईल आडाच्या कठड्यावर टेकवून तेवढंच लिहून घेतलं. जाताना मला म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नाहीत." मी म्हणलं, "न्हाय साहेब." 'म्हारवाडा' या शब्दानं आजवर आपल्याला नुसतं मारलं. परवा पहिल्यांदा त्यानं एक नोकरी राखली. निकाल यायचा आहे अजून, नक्की काही नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तू मराठी घेऊन बी.ए. करतेस ना? मी मथुराबाईला विचारलं, तू ताराला नेमकं काय म्हणालीस? ती म्हणाली, "मामानं आमची नावं ठिवल्याती." तू मला लिहिलंस, 'नावं ठिवल्याती आमाला.' बाई, 'आम्हाला' आणि 'आमची' यात किती फरक पडतो ते मी तिसरी शिकलेल्या माणसानं तुला सांगावं? आम्हाला नावं ठेवली म्हणजे दोष काढले. आमची नावं ठेवली म्हणजे ती सांभाळून ठेवली. तुला राग आधी आला आणि कान मागनं आले.

ऐक. कागदावर जुनी जात लिहून घेताना आपल्या माणसाला काय होतं ते तुला माहीत नाही. दीक्षा घेतलेली, घरातले देव नदीत सोडलेले, आणि शाळेच्या टेबलासमोर उभं राहून तोच शब्द पुन्हा तोंडानं सांगायचा. घरी येऊन माणसं जेवत नाहीत. ती माझ्याकडं येतात. मी दार लोटतो. ते माझ्यासमोर उभं राहून म्हणतात, मी बौद्ध आहे, कागदावर पोटासाठी लिहिलं. मी म्हणतो, ऐकलं. एवढंच. मी दोष देत नाही, माफीही देत नाही. मी साक्ष ठेवतो. पुढं कधीतरी कायदा बदलेल. तेव्हा यांची नातवंडं कागद बघून म्हणतील, आमचे म्हातारे धम्मात नव्हतेच. तेव्हा कोणीतरी सांगायला पाहिजे की होते, एक दिवस सुद्धा बाहेर नव्हते.

लिहून ठेवलं तर ते कोणाच्याही हाती लागतं. म्हणून डोक्यात ठेवतो. माझा बाप गावच्या शिवेचा साक्षीदार होता. कुठला दगड, कुठली बाभळ, कुठला ओढा, सगळं त्याला पाठ. दोन गावं भांडली की त्याला पुढं घालून शीव चालायचे, आणि त्याचा शब्द मामलेदार लिहून घ्यायचा. त्याच माणसाला नंतर चावडीबाहेर बसवायचे. आपण दीक्षा घेतली तेव्हा ती सगळी गावकीची कामं टाकली, बरं झालं. ते पाठ करणं तेवढं मी टाकलं नाही. रुळावर चालताना तारेचा एक खांब आला की एक नाव म्हणतो. एक्केचाळीस खांब, एक्केचाळीस नावं. पंधरा वर्षांत एक चुकलं नाही.

पहिल्या खांबाचं नाव माझं आहे.

अठ्ठावन्न साली रेल्वेत लागलो, ती केंद्राची नोकरी. दीक्षा घेऊन दोन वर्षं पण झाली नव्हती. साहेबासमोर माझ्या तोंडानं सांगितलं. त्या वेळी माझी साक्ष ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून मी दुसऱ्यांची ठेवू लागलो. आणि साठ साली तुला शाळेत घातलं तेव्हा आपल्या राज्यानं बौद्धांना सवलत लागू केली होती. म्हणून मला ठळक लिहा म्हणता आलं. माझ्या कागदावर जे लिहिता आलं नाही ते तुझ्या कागदावर लिहून घेतलं. त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो, पोटभर. तुझा ताठपणा मला आवडतो, तारा. पण तो तुला स्वस्तात मिळालाय, एवढं ध्यानात ठेव.

रागावलो नाही. सुमनबाईला चहा पाज.

हरिबामामा


औरंगाबाद
२१ मार्च १९७३

ति. मामा,

पत्र सुमनबाईंसमोर जाळलं. त्यांनी राखसुद्धा काठीनं ढवळून पाहिली. तुम्ही कामाला माणसं बरोबर निवडता. हे पत्रही त्यांच्याच हाती देते.

दोन दिवस मला अन्न गोड लागलेलं नाही. हे तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही, खरं आहे म्हणून लिहिते. मी टाळ्या वाजवल्या होत्या, मामा. बाबूदादाची सात माणसं घरात बसलेली, आणि मी इथे सभागृहात टाळ्या वाजवत होते! तुम्ही रेल्वेत आहात हे मला लहानपणापासून माहीत. तुमच्या डब्यातला भात खाऊन वाढले मी. पण रेल्वे केंद्राची आहे हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. स्वतःच्या घरात जे दिसलं नाही ते मी वाडीभर शोधत फिरले.

आणि साहेबाला तुम्ही गावाकडे पाठवलंत, तेव्हा चौकशी तुमच्या रेल्वेच्या कागदापर्यंत यायला कितीसा वेळ लागला असता? त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. मी तुमच्यासारखा माणूस पाहिलेला नाही. आणि तुम्हालाच मी पोलिस पाटील म्हणाले.

उरलेली पत्रकं मी खोल्याखोल्यांतून परत गोळा केली. एकशे बत्तीस मिळाली, बाकीची गेली. चिटणीसांना सांगितलं की वही नाही, मी चुकीचं ऐकलं, तिथे माणसाचं नुसतं ऐकून घेतात. ते माझ्यावर रागावले आहेत. असोत. मथुरामावशीला कोणत्या तोंडानं भेटू तेवढं सांगा. आणि मला बोलवा.

तारा


(पोस्टकार्ड)
ढोकी
२२ एप्रिल १९७३

चि. तारास जय भीम. बाबूचा कागद आला. चौकशी बंद, नोकरी कायम. मथुराबाईनं वस्तीत गूळ वाटला, तुझा वाटा ठेवलाय. तुझ्यावर तिचा राग नाही. म्हणते, पोरीचं कान तेवढं धुवून घ्या.

परीक्षा झाली की ये. मी एकटाच आहे आणि रुळावर चालणाऱ्या माणसाचा भरवसा काय. माझ्यामागं दुसरं कोणीतरी असावं. चांगल्या चपला आण, चार मैल जाणं आणि चार मैल येणं आहे. पेन आणू नको.

हरिबा


औरंगाबाद
८ जुलै १९७३

ति. मामा,
सविनय जय भीम.

कॉलेज सुरू झालं. सकाळी वर्गात जाताना आणि दुपारी येताना मनात म्हणते. अजून एकही अडकलं नाही. माझ्या मैत्रिणीला वाटतं मी परीक्षेचं पाठ करते. मार्क बघता तसं वाटायला नको होतं, पण तिचा स्वभाव चांगला आहे.

तुमच्याबरोबर आठ दिवस चालले, ते माझ्या आयुष्यातले सगळ्यात मोठे दिवस आहेत. तुम्ही नाव सांगायचा आणि मग त्या माणसाबद्दल एखादीच गोष्ट सांगायचा. कोणाला गाणं येतं, कोणी गारपिटीत पाटलाची गुरं वाचवली, कोणी दाखल्यावर सही करून घरी येताना रस्ता चुकला. मला वाटत होतं की मी एक यादी पाठ करायला आले आहे. तिसऱ्या दिवशी कळलं की ही सगळी माणसं मला भेटायला येताहेत.

पत्र लिहायचं खरं कारण वेगळंच आहे. काल संध्याकाळी वाचनालयाच्या पायऱ्यांवर मंडळातला एक माणूस माझ्याशेजारी येऊन बसला. नाव लिहीत नाही. एवढंच सांगते की त्याच्या तोंडचे शब्द त्या पत्रकात छापलेले होते, आणि फेब्रुवारीत त्याच्यासाठी मी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या होत्या. बराच वेळ तो चपलेनं पायरी घासत राहिला. मग म्हणाला, घरी म्हातारे आईवडील आहेत, दुष्काळात दोन एकरांत काही आलं नाही. दिल्लीच्या एका खात्यात जागा निघाल्या आहेत, अर्जाची मुदत सोमवारी संपते. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर जुनंच लिहिलेलं आहे, त्याच्या बापानं लिहिलेलं. त्यानं ते आजवर कोणाला कळू दिलं नाही, आणि म्हणूनच तो सभेत सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा.

मामा, मला टोचून बोलता आलं असतं. शब्द तोंडापर्यंत आले होते, तुम्हाला माझं तोंड माहीत आहे. पण तो अजून पायरी घासतच होता. तो म्हणाला, "तू त्या वाडीची ना? तिथं म्हणे कोणीतरी ऐकून घेतं." मी म्हटलं, वाडीपर्यंत जायला नको.

त्यानं खिशातून कागद काढला. म्हणाला, लिहून देऊ का?

मी तो कागद घडी करून त्याच्या खिशात परत ठेवला आणि म्हटलं, "तोंडानं बोल. मी ऐकते आहे."

तुमची,
तारा